परीची झाली चेटकीण

"त्यात काय एवढं, मी लिहितो," असं काका फोनवर म्हणाले तेव्हा काकू समोरच बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. त्यांनी मान वर करून काकांकडे पाहिलं आणि पुन्हा मोज्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. "त्यात काय एवढं" म्हणून सुरू होणारं काकांचं वाक्य अडवायच्या भानगडीत पडायचं नाही. ते निस्तरायची तयारी तेवढी ठेवायची. मागे याच वाक्यापायी घरातल्या शिलाई मशीनचे सुटे भाग अजून तीन खोल्यांत विखुरलेले होते.

फोनच्या पलीकडे लेक होती. तिची तक्रार नेहमीचीच होती. पोरगी पुस्तक हातात धरत नाही, धरलंच तर आठ-दहा पानांत टाकून देते, शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलंय. जादूची पुस्तकं आणून दिली तर म्हणते, शेवटी सगळ्यांत खोटं बोलू नये हेच सांगितलेलं असतं. यावर काका "मी लिहितो" म्हणाले. तेवढ्यात नातीने आईच्या हातातून फोन ओढून घेतला आणि खात्री करून घेतली. करारमदार करणारी मोठी माणसं बोलतात तशी ती बोलली.

"तुम्ही खरंच लिहिलंत तर मी शेवटपर्यंत वाचेन. पण बोअर झालं तर नाही वाचणार, आधीच सांगते."

झालं. काकांना हे बोलणं बाणासारखं लागलं. वाचेल की नाही, यापेक्षा शेवटपर्यंत वाचेल की नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात जो घुसला तो तिथेच ठाण मांडून बसला. सुट्टीला मायलेकी येणार होत्या. तोवर पुस्तक छापून, बांधून, हातात द्यायचं असं त्यांनी ठरवून टाकलं.

काकांची सगळी नोकरी परीक्षा मंडळाच्या कचेरीत झाली होती. प्रश्नपत्रिका छपाईला जाण्याआधी तिचं शुद्धलेखन तपासायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर प्रश्नपत्रिका यायच्या बंद झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नाही. लिफ्ट बंद पडली आणि दारावर "दुरूस्ती चालू आहे" अशी पाटी लागली की बाकीचे रहिवासी चडफडत जिने चढायचे. काका मात्र आधी खिशातून पेन काढून "दुरूस्ती"चा रू ऱ्हस्व करायचे आणि मग प्रसन्न चेहऱ्याने पाचवा मजला गाठायचे. इमारतीतली मुलं त्यांना वेलांटीकाका म्हणत. हे नाव आपल्या कानावर अजून आलेलं नाही, असा काकांचा समज होता. तो मोडायचं कुणाच्या मनात नव्हतं.

तर असे हे वेलांटीकाका कादंबरी लिहायला बसले. लेकीने मागच्या खेपेला संगणक लावून दिला होता, त्यावर एका बोटाने टायपिंग सुरू झालं. गोष्टीतली परी दहा वर्षांची होती. तिची जादू अशी की हवेत बोटाने जो शब्द लिहावा ती वस्तू समोर हजर. अट एकच, शब्द शुद्ध पाहिजे. "नदी" लिहिताना दुसरी वेलांटी दिली तर खळाळती नदी वाहायला लागे. पहिली दिली तर जमिनीवर नुसता ओलसर डाग पडे. ही कल्पना सुचली तेव्हा काका इतके खूश झाले की स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ती काकूंना दोनदा ऐकवली. काकू म्हणाल्या, "म्हणजे तुमचीच गोष्ट आहे, फक्त झगा घातलाय." काकांनी हे कौतुक म्हणून घेतलं.

पुढे गोष्ट आपोआप काकांच्या ओळखीच्या प्रदेशात वळली. पूर्ण परी व्हायचं तर परीक्षा द्यावी लागणार, परीक्षा आली म्हणजे परीक्षक आले, परीक्षक आले की कुणीतरी नापास होणार आणि मग फेरपरीक्षा. राक्षस होता, पण तो उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पळवायचा. माणसं खाण्यापेक्षा हे कितीतरी भयंकर आहे, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आता माणूस कादंबरी लिहितोय ही बातमी इमारतीत लपून राहत नाही. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. काकांची दाढ तपासायला घेण्याआधी त्यांनी पहिलं प्रकरण ऐकून घेतलं होतं, आणि आपलं मत त्यांनी पुढच्या वेळी काकांच्या तोंडात दोन नळ्या आणि कापूस कोंबलेला असताना दिलं. राक्षसाला चाळीस दात दाखवलेत ते शास्त्राला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. जास्तीचे आठ दात कुठे बसवलेत, वरच्या जबड्यात की खालच्या? काका "आं आं" करत होते, डॉक्टरांनी ते सहमती म्हणून धरलं. घरी आल्यावर काकांनी राक्षसाचे दात मुकाट्याने बत्तीस केले. दाढ अर्धी भरलेली असताना डॉक्टरांशी वैर परवडत नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या गाण्याच्या बाई म्हणाल्या की परीने शब्द लिहिण्याऐवजी गावेत, मुलांना चाल आवडते. काकांनी नम्रपणे विचारलं की गाताना वेलांटी कशी कळणार. बाईंना हा आपल्या आवाजावर शेरा वाटला आणि पुढे आठवडाभर त्यांनी सकाळचा रियाज काकांच्या बाजूची खिडकी उघडून केला.

खरी अडचण वाचनालयाने केली. कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या छोट्या सभागृहात प्रकाशन करायचं काकांच्या मनात होतं. त्यासाठी समितीची मंजुरी लागे आणि समितीचे अध्यक्ष वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. त्यांनी हस्तलिखित चाळलं आणि एकच प्रश्न विचारला, ही मुलगी उडते ती कोणत्या ऊर्जेवर? काका म्हणाले, जादूने. अध्यक्ष म्हणाले, ते झालं हो, पण वीज कुठून येते? शेवटी काकांनी परीच्या पंखांना ऊन खाऊन ताकद मिळते असं एक वाक्य घातलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मग सचिवांनी हमीपत्र मागितलं. पुस्तकातली जादू काल्पनिक आहे, आणि ती वाचून कुणी गच्चीवरून उडण्याचा प्रयत्न केल्यास वाचनालय जबाबदार राहणार नाही. सचिवांनी मजकूर स्वतः टाईप करून आणला होता. काकांनी सही करण्याआधी त्यातल्या चार वेलांट्या आणि एक उकार दुरुस्त केला. सचिवांचा चेहरा पडला. खाडाखोड केलेलं हमीपत्र चालत नाही, असं सांगून त्यांनी ते परत नेलं आणि नवीन कागद यायला पुरते दोन आठवडे लागले. काकूंचं म्हणणं, चुकीच्या हमीपत्रावर सही केली असती तर जादू काय खरी झाली असती का? पण हा तत्त्वाचा प्रश्न होता, आणि तत्त्वाच्या प्रश्नात काका बायकोचं ऐकत नसत.

इतकं सगळं पार पडून पुस्तक छापखान्यात गेलं. काकांनी प्रत्येक पान स्वतः तीनदा तपासलं होतं. कचेरीत असताना तपासायची त्यांची एक पद्धत होती: वाक्य मोठ्याने वाचायचं, आणि मनातलं न वाचता कागदावर जे छापलंय तेच वाचायचं. मन चुका झाकतं, असं ते नवीन आलेल्या कारकुनांना बजावत. तर छपाई दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती आणि त्या संध्याकाळी नातीचा फोन आला.

"आजोबा, त्यात कोण आहे?"

"एक परी आहे," काका म्हणाले.

 

"परी बालवाडीतल्या मुलांची असते," नात म्हणाली. "चेटकीण नाही का करता येणार?"

काका फोन ठेवून खुर्चीत बसले ते उठेचनात. एवढी नाजूक, शुद्धलेखनात पारंगत परी, आणि तिची चेटकीण करायची? पण "बोअर झालं तर नाही वाचणार" हे शब्द कानात घुमत होते. काकू म्हणाल्या, "करा की चेटकीण. उडायचं तर दोघींनाही येतं." दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडायच्या आधी काका दाराशी उभे होते.

छापखानेवाले म्हणजे कान नसलेल्या कपात चहा पिणारे शांत गृहस्थ. आता सगळं पुस्तक पुन्हा वाचून शब्द बदलावे लागणार म्हणून काका घामाघूम झाले होते. छापखानेवाले हसले. हल्ली हे एका बटणाचं काम आहे म्हणाले. इथे जुना शब्द लिहायचा, इथे नवीन, आणि हे दाबायचं. काकांनी स्वतः वाकून पाहिलं. जुना शब्द, परी. नवा शब्द, चेटकीण. बटण दाबलं. क्षणात सगळ्या पुस्तकातल्या परीची चेटकीण झाली. काकांना वाटलं, आपली नोकरी चालू असताना हे यंत्र का नव्हतं.

"एकदा नजर टाकता का?" छापखानेवाल्यांनी विचारलं.

"एकच तर शब्द बदललाय," काका म्हणाले. "बाकी सगळं मी तपासलेलं आहे."

उभ्या आयुष्यात काकांनी न तपासता सोडलेला तो पहिला मजकूर.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. निम्मे लोक चहासाठी आले होते आणि उरलेल्यांना काकूंनी फोन केले होते. दातांचे डॉक्टर पहिल्या रांगेत, राक्षसाच्या जबड्याचं काय केलं ते बघायला. गाण्याच्या बाई राग विसरून आल्या होत्या. अध्यक्षांनी ऊर्जेवर छोटं भाषण केलं. लेक आणि नात सकाळीच गावाहून आल्या होत्या. नात काकूंच्या शेजारी पाय हलवत बसली होती, मांडीवर नव्याकोऱ्या पुस्तकाची प्रत. अजून तिने ती उघडली नव्हती. काकांनी ते पाहिलं. मग ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि पहिलं पान सवयीप्रमाणे, कागदावर छापलंय तसं, खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"एका चहाच्या टचेटकीणच्या मागे एक चेटकीण राहत असे. तिचा झगा नेहमी चेटकीणटघडीचा असे. आज तिची चेटकीणक्षा होती. आई तिला परोचेटकीणने समजावत होती, की बाळ, घाबरू नकोस, काही विचेटकीणत घडणार नाही."

काका थांबले. त्यांनी कागदाकडे पाहिलं. टपरी, परीटघडी, परीक्षा, परोपरीने, विपरीत. जिथे म्हणून परी होती तिथे तिथे यंत्राने इमानेइतबारे चेटकीण बसवली होती. पुढे त्यांना ओळीच्या ओळी दिसत होत्या. चेटकीणक्षक हॉलमध्ये आले. चेटकीणला घाम फुटला. चेटकीणला! "चेटकिणीला" असं साधं सामान्यरूपसुद्धा नाही. आणि अनेकवचनाला यंत्राने हातच लावला नव्हता, त्यामुळे "चेटकीण आणि इतर पऱ्या" असा एक विचित्र घोळका खालच्या परिच्छेदात उभा होता. सगळी नोकरी वेलांट्या सरळ करण्यात घालवलेल्या माणसाचं नाव त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.

 मग अध्यक्षांनी गंभीरपणे मान डोलावली. चेटकीणटघडी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नाही, हे अध्यक्षांना कळू नये म्हणून शेजाऱ्यानेही डोलावली. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक गृहस्थ चहा घेताना म्हणाले की भाषेत काहीतरी नवीन प्रयोग आहे, एकदा वाचून कळत नाही, हेच थोर लेखनाचं लक्षण. डॉक्टरांनी कानाशी येऊन विचारलं, टचेटकीण हा दाढेचा प्रकार आहे का. काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येताना त्यांनी रस्त्यात, जिन्यात, लोकांच्या हातातून प्रती परत घ्यायला सुरुवात केली. थोडी दुरुस्ती आहे, म्हणाले. कुणी देईना. न समजलेलं पुस्तक घरात असावं असं प्रत्येकालाच वाटत होतं. मग त्यांना आठवलं, एक प्रत नातीकडे आहे. बाकी जग गेलं खड्ड्यात, ती एक प्रत तिने उघडायच्या आत हातात आली पाहिजे. ती वाचायला बसेल, दुसऱ्या ओळीत अडखळेल आणि पुस्तक ठेवून देईल. मग पुन्हा म्हणून आजोबांचं पुस्तक हातात धरणार नाही.

नात गॅलरीत होती. वाळत घातलेल्या चादरींच्या मागे, खुर्चीत पाय वर घेऊन. काका चादर बाजूला करून पुढे सरकणार, तोच काकूंनी त्यांची बाही धरली आणि त्यांना आत ओढलं.

"कुठे निघालात?"

"त्यात चुका आहेत. पानोपानी चुका आहेत. दुरुस्त करून देतो तिला."

"पोरगी दहाव्या पानाच्या पुढे गेलीय," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "मी दोनदा डोकावून आले. आता तुम्ही शुद्धलेखन घेऊन मध्ये गेलात तर मी तुमच्याशी या जन्मात बोलणार नाही."

काका बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. ते उलटं धरलं होतं. एरवी उलट्या पानावरचीही चूक त्यांना दिसली असती, आज काही दिसत नव्हतं. दहाव्या पानाच्या पुढे गेली म्हणजे काय? अजून पुढे "चेटकीणस" होता, ज्याच्या स्पर्शाने लोखंडाचं सोनं होतं. गॅलरीतून मधूनच नातीचा आवाज येई, "सापडली!" मग पुन्हा शांतता. मग पान उलटल्याचा आवाज आणि पुन्हा "सापडली!" काय सापडतंय ते काकांना कळेना. चुका सापडत असणार. त्या दुपारी जेवायला हाक मारली तर नात म्हणाली, थांबा, थोडंच राहिलंय. लेकीने घास हातात धरून काकूंकडे पाहिलं. जेवायला बोलावल्यावर पोरगी पुस्तकापायी थांबतेय, हे त्या घरात प्रथमच घडत होतं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते भाजी तिखट झालीय म्हणून पुसलं. भाजी तिखट नव्हती.

शेवटी नात बाहेर आली. पुस्तकात बोट घातलेलं, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर कामगिरीवरून परतलेल्या माणसाचा भाव. ती थेट काकांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली.

"मला कळलं तुम्ही काय केलंत ते," ती म्हणाली.

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, ते त्या यंत्राने..."

"आधी तिथे परी होती ना? मी फोनवर सांगितल्यावर तुम्ही चेटकीण आणलीत. मग चेटकिणीने परीला प्रत्येक ठिकाणाहून हुसकून लावलं आणि स्वतः शब्दांत शिरून बसली. परीक्षेत शिरली. टपरीत शिरली. मी सगळीकडून शोधून काढली तिला. भारी आहे."

  पोरीने "चेटकिणीने" म्हटलं होतं, सामान्यरूप अगदी बरोबर करून, हे काकांच्या कानाने टिपलं.

"म्हणजे तू शेवटपर्यंत वाचलंस?" त्यांनी विचारलं. 

"हो. पण शेवटच्या प्रकरणात एक मोठी चूक आहे." तिने पुस्तक उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे बघा. इथे ती नाहीये."

काकांनी चष्मा लावला. शेवटचं प्रकरण, जादू मंडळाचा निकाल. छापलं होतं, "आणि ती परिक्षा उत्तीर्ण झाली." यंत्राने हा शब्द सोडला होता. काकांनी पुन्हा वाचलं. पहिली वेलांटी. हा शब्द त्यांनी किती प्रश्नपत्रिकांवर, किती लोकांना दुरुस्त करून दिला होता याची गणती नव्हती, आणि तो त्यांनीच, स्वतःच्या बोटाने, पहिल्या वेलांटीने लिहिला होता. तीनदा तपासलेलं होतं. तीनदा त्यांनी कागदावरचं न वाचता मनातलंच वाचलं होतं, कारण तिथे पोचेपर्यंत दरवेळी परी पास झाली म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी असे. ते लाजेने कानापर्यंत लाल झाले.

"तुम्ही वेलांटी चुकवलीत," नात शांतपणे समजावून सांगत होती. "म्हणून तिला आत शिरता आलं नाही. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, शुद्ध असेल तरच जादू होते. बिचारी बाहेरच राहिली. एवढी पास होऊनसुद्धा."

दाराशी काकू आणि लेक उभ्या होत्या. काकूंनी तोंडाला पदर लावला होता. काकांना एकाच वेळी पराकोटीचा अपमान झाल्यासारखं आणि उभ्या आयुष्यात इतकं सुख कधी झालं नव्हतं असं वाटत होतं. कुणीतरी त्यांची वेलांटी पकडली होती. आणि ती पकडायला शेवटच्या पानापर्यंत यावं लागतं.

त्यांनी पेन काढलं. "परिक्षा"वर सावकाश रेघ मारली आणि वरच्या कोऱ्या जागेत, प्रश्नपत्रिकेवर लिहायचे त्या वळणदार अक्षरात, नवीन शब्द "चे"पासून लिहायला घेतला. नात त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघत होती.

"की ला दुसरी," ती म्हणाली.

"दिली," काका म्हणाले.